फोटूत गोरी

चेहरा उजळ करायच्या तीन जागा असतात, असं माझा मामा म्हणायचा. पहिली दिव्यापुढे, दुसरी निगेटिव्हवर आणि तिसरी डार्करूममध्ये. मंगरूळपीरच्या बाजारात त्याचा छोटा स्टुडिओ होता आणि तालुक्यातल्या किती लग्नांत त्याच्या या तीन जागांचा वाटा असेल, ते गावचे दादा हयात कलंदर आणि बिरबलनाथ महाराजच जाणोत.

दिव्यापुढची जागा सोपी. पाचशे वॉटचे दोन बल्ब, सावलीच्या बाजूला कुणीतरी धरलेली पांढरी चादर, आरशासमोर अफगाण स्नो आणि पावडरचा डबा. मुलगी आली की आधी तिचा चेहरा पावडरनं लिंपला जायचा, मग केस, मग उसना हार. स्थळासाठीचा फोटो असला की मामा रोजचा कॅमेरा बाजूला ठेवून मोठा लाकडी कॅमेरा काढायचा. काळ्या कापडात डोकं खुपसून घासलेल्या काचेवर उलटी दिसणारी मुलगी बघत बसायचा. लोकांना वाटायचं, महागाचा कॅमेरा म्हणून पोरीचा मान राखला. खरं कारण वेगळं होतं. निगेटिव्ह मोठी असली की पेन्सिल फिरवायला जागा मिळते.

ती दुसरी जागा. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. जे तिथं दाट ते कागदावर उजळ, जे पातळ ते काळं. मामा निगेटिव्हवर आधी एक चिकट रोगण बोटानं पसरायचा, म्हणजे गुळगुळीत फिल्मवर शिसं धरतं. मग टोक सुईसारखं काढलेल्या पेन्सिलीनं डोळ्यांखालची, नाकाच्या बाजूची, हनुवटीखालची पातळ जागा बारीक बारीक ठिपक्यांनी भरायचा. सगळा चेहराच एक पायरी वर चढवायचा असला तर लाल रंग. फोटोच्या कागदाला लाल उजेड दिसत नाही, म्हणून तर डार्करूममध्ये लाल बल्ब चालतो. निगेटिव्हवर गालाच्या जागी पाण्यात कालवलेला लाल रंग ब्रशनं दिला की तेवढ्या भागातून कागदाला उजेड कमी पोचतो आणि गाल गोरा येतो. तिसरी जागा एन्लार्जरखालची. तारेला चिकटवलेला पुठ्ठ्याचा वाटोळा तुकडा चेहऱ्यावर हलता धरायचा, तेवढाच उजेड अडतो. हात थांबला की कडा उमटते आणि सोंग उघडं पडतं.

मी तिथं आले ती शाळेसाठी. आमच्या गावात सातवीपुढे वर्ग नव्हता. १९७५ च्या आसपासची गोष्ट. स्टुडिओत माझी भरती झाली ती मात्र दुसऱ्याच कारणानं. मुलीच्या साडीच्या निऱ्या सारख्या करायच्या, पदर खांद्यावर बसवायचा, हनुवटी जराशी वर करायची, तर परक्या पुरुषानं हात कसा लावायचा? मुलीचा बाप समोर बाकावर बसलेला असायचा. म्हणून मी. पुढं प्रिंट धुणं, काचेवर चिकटवून वाळवणं, कातरी कडेच्या कटरनं कापणं, आणि शेवटी डार्करूम. ज्येष्ठातल्या उन्हात नळाचं पाणीच इतकं तापायचं की त्यात फिल्मवरचा थर सुटून यायचा, म्हणून डेव्हलपरचा ट्रे माठातल्या पाण्याच्या परातीत ठेवायचा. प्यायचा माठ एक आणि फिल्मचा माठ एक. उन्हाळ्यात फिल्मचा माठ आधी भरला जायचा, आणि मामी त्यावरून रोज बोलायची.

बापांचं वाक्य ठरलेलं. "भाऊ, पोरगी जराशीक गोरी येऊ द्या." मामाचंही ठरलेलं. "येते ना बाप्पा, कावून नाही येणार?" कुणबी, तेली, माळी, मारवाडी, मुसलमान, आमचे बौद्ध, तांड्यावरचे बंजारे, या एका वाक्याच्या बाबतीत सगळा तालुका एक होता. त्या वाक्याच्या वेळी मुलगी तिथंच, स्टुलावर बसलेली असायची. तिला कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. फोटो पाकिटातून मुलाकडे जायचा, तिकडून दुसऱ्या स्थळाकडे, कधी परत यायचा, कधी नाही. त्या फोटोची एक प्रत मुलीनं आपल्यासाठी मागितली असंही क्वचितच. पैसे बापाचे, प्रत बापाची, निगेटिव्ह आमची.

मी काळी आहे. आमच्या घरात त्यावरून कुणी काही बोलत नसे, कारण सगळेच तसे. पण मामाला शिकवायला मी फार सोयीची होते. माझ्यावर पांढरा शर्ट चढवून तो मला भिंतीपुढे उभी करायचा आणि म्हणायचा, "चेहऱ्यावरचा उजेड मोज, कपड्यावरचा नाही." कपड्यावर मोजलं की मीटर म्हणतं, उजेड भरपूर आहे, आणि चेहरा कोळशासारखा येतो. चेहऱ्यावर मोजलं, की गालाचं हाड, कपाळावरची चमक, ओठांची कड, सगळं येतं. काहीही न घासता, न रंगवता येतं. हे मामाला पक्कं ठाऊक होतं. ऊटीच्या इंदू फिल्मवर काळा चेहरा काळाच ठेवून सुंदर कसा काढायचा, हे त्याच्याइतकं जाणणारा माणूस मी पुढे पाहिला नाही. फक्त तसा फोटो मागणारं गिऱ्हाईक त्याला मिळालं नाही. गिऱ्हाईक मिळालं असतं तर मामा काय झाला असता, हा प्रश्न मला अजून पडतो.

पुढे डी.एड. करून मी जिल्हा परिषदेत शिक्षिका झाले आणि वाचायची सवय लागली. तेव्हा कळलं की हा घोळ मंगरूळपीरचा एकट्याचा नाही. रंगीत फिल्म आली तेव्हा कोडॅक कंपनी जगभरच्या लॅबना एक नमुन्याचं कार्ड पाठवायची. कार्डावर एक गोरी बाई. तिचा रंग बरोबर आला की मशीन बरोबर लागलं. पहिल्या बाईचं नाव शर्ली, म्हणून पुढच्या सगळ्या कार्डांना धंद्यातले लोक शर्लीच म्हणत. काळ्या मुलीचा चेहरा या हिशेबात कुठेच नव्हता. वर्गाच्या ग्रूप फोटोत गोऱ्या पोरी स्पष्ट, आणि काळ्या पोरींचे नुसते डोळे आणि दात. अमेरिकेतल्या आयांनी तक्रारी केल्या, पण कंपनी हलली ती चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी कुरकुर केल्यावर. आमच्या मालाच्या तपकिरी छटा नीट येत नाहीत, असं ते म्हणाले. चॉकलेटसाठी सुधारलेल्या फिल्मवर मग माणसंही बरी दिसायला लागली.

दुसरी गोष्ट पोलरॉइडची. दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसांना सतत जवळ बाळगावा लागणारा पास होता, आणि त्यावरचे फोटो झटपट काढायला पोलरॉइडचं यंत्र वापरलं जात होतं. त्या यंत्रावर फ्लॅशचा उजेड वाढवणारं एक बटण होतं. म्हणजे काळा चेहरा नीट कसा टिपायचा, हे कंपन्यांना कळत होतं. कळायची गरज पोलिसांच्या कामापुरतीच वाटत होती. १९७० मध्ये पोलरॉइडमध्येच काम करणारी कॅरोलाइन हंटर ही तरुण काळी रसायनतज्ज्ञ आणि तिचा सहकारी केन विल्यम्स यांनी हे उघड केलं आणि कंपनीच्या दारात आंदोलन उभारलं. दोघांची नोकरी गेली. १९७७ मध्ये कंपनीला दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडावं लागलं. त्याच सुमाराला मी मंगरूळपीरला पुठ्ठ्याचा तुकडा तारेवर हलवत होते.

काळ्या अमेरिकेशी आमचं नातं तसं जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली गुलामगिरी हे पुस्तक अर्पण केलं ते गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या माणसांना, आणि १९७२ मध्ये दलित पँथरनं नाव घेतलं तेही तिकडूनच. पण मला यात आणखी एका बाईची भर घालावीशी वाटते. सोजर्नर ट्रूथ. गुलामीत जन्मलेली, लिहिता-वाचता न येणारी. ती भाषणं द्यायची आणि सभेत स्वतःचे छोटे फोटो विकायची. त्यावर पोट आणि चळवळ दोन्ही चालायचं. १८६४ मध्ये तिनं त्या फोटोंचे हक्क स्वतःच्या नावावर नोंदवून घेतले. फोटोत ती चष्मा लावून, पांढरी टोपी घालून, विणकाम हातात घेऊन बसलेली असते. कसं बसायचं, काय नेसायचं, खाली काय छापायचं, हे तिचं तिनं ठरवलेलं. लिहिता येत नसलेल्या बाईनं फोटोकडून लेखणीचं काम करून घेतलं. तिच्या आधी नऊ वर्षं, १८५५ मध्ये, पुण्यात फुल्यांच्या शाळेतली मातंग समाजाची मुलगी मुक्ता साळवे हिनं मांग-महारांच्या दुःखाबद्दलचा निबंध ज्ञानोदयात छापून आणला होता. चौदा वर्षांची पोर. तिच्याकडे लेखणी होती, सोजर्नरकडे कॅमेऱ्यापुढची खुर्ची. दोघींना जे हवं होतं ते एकच, की आमच्याबद्दल जे सांगायचं ते आम्ही सांगू.

आमच्या भागात कॅमेरा आला तो याच्या बरोबर उलट वाटेनं. १८५७ नंतर इंग्रज सरकारनं हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे फोटो गोळा करून १८६८ ते १८७५ या काळात आठ खंड छापले. राज्य कुणावर करतो आहोत, त्याची ती चित्रमय यादी. १९१६ मध्ये आर. व्ही. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ आला. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. दुसऱ्या खंडात बंजारा स्त्रियांची चित्रं आहेत. एका चित्रात डोक्यावर शिंगासारखा उंच दागिना, त्यावरून सोडलेली ओढणी. खाली जात छापली आहे, दागिन्याचं नाव छापलं आहे. बाईचं नाव नाही. दागिना ओळखता आला, बाई ओळखायची गरज पडली नाही.

मानोरा तालुक्यात नोकरी करताना त्या पानाची छायाप्रत मी शाळेत नेली होती. बंजाऱ्यांचं पोहरादेवी जवळच, वर्गात निम्म्याहून जास्त मुली तांड्यावरच्या. त्यांनी चित्राकडे बघून पहिला प्रश्न केला, "बाई, ही कोण्या तांड्याची?" दुसरा प्रश्न, "हिचं गोत्र कोणतं, राठोड का चव्हाण?" संशोधकाला चार खंडांत जे विचारावंसं वाटलं नाही, ते आठवीच्या पोरींनी दोन वाक्यांत विचारलं. लदेणीचे बैल, मिठाची वाहतूक, रेल्वेनं बुडवलेला धंदा, १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा, हे सगळं मी त्यानंतर शिकवलं. ते त्यांच्या डोक्यात किती राहिलं देव जाणे. चित्रातली बाई कुठली, हे मात्र त्या दहावीपर्यंत विचारत राहिल्या.

बायकांनी बायकांचे फोटो काढावेत, ही कल्पना तिकडे हैदराबादेत लवकर रुजली. राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये तिथं खास जनाना स्टुडिओ काढला. उंच भिंती, आत सगळ्या बायका, कारभार केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाईंकडे. पडद्यातल्या स्त्रिया तिथं बिनधास्त बसून फोटो काढून घेत. वाशीम तेव्हा स्वतंत्र जिल्हा होता, कागदोपत्री निजामाचा मुलूख, कारभार हैदराबादच्या रेसिडेंटच्या हाताखाली. म्हणजे जनाना स्टुडिओ आमच्याच राजधानीत होता म्हणायला हरकत नाही. वाशीमची किती बाई तिथवर पोचली असेल, हा भाग वेगळा. १९०५ मध्ये जिल्हाच मोडला आणि वाशीम अकोल्यात गेलं. जिल्हा पुन्हा वेगळा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला.

मुंबईत होमाई व्यारावाला यांनी १९३० च्या दशकात कॅमेरा हातात घेतला. जे. जे. स्कूलच्या विद्यार्थिनी, म्हणजे स्वतःच्या मैत्रिणी, हे त्यांचे सुरुवातीचे विषय. त्या मुली कुणाला पसंत पडायला बसलेल्या नव्हत्या, हसत-खिदळत होत्या. होमाईबाईंचे पहिले फोटो मात्र छापून आले ते नवरा माणेकशा यांच्या नावानं. देशातली पहिली वृत्तछायाचित्रकार बाई, आणि सुरुवातीला ओळ नवऱ्याची. पद्मविभूषण मिळालं २०११ मध्ये, पुढच्या वर्षी त्या गेल्या.

आमच्या स्टुडिओत मुलीच्या हातात कॅमेरा जायचा तो खेळ म्हणून. बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री मामा जत्रेत आणि शाळांच्या सहलींना भाड्यानं द्यायचा. बारा फोटोंचा रोल. मुलांच्या रोलमध्ये बारा फोटो बारा मुलांचे निघायचे. मुलींच्या रोलमध्ये, सहल मुलींची असली आणि बाई प्रेमळ असल्या तर, निम्मे फोटो विहिरीचे, झाडावरच्या चिंचांचे, झोपलेल्या मैत्रिणीचे. मामा वैतागायचा. "रोल वाया घालवला पोरींनी." मला ते प्रिंट करायला सगळ्यात जास्त आवडायचं, आणि त्या चेहऱ्यांवर पेन्सिल फिरवायला कुणी सांगत नसे.

आणि गोरं करून घेण्यात आमची बौद्ध माणसं तरी काय वेगळी होती? चौदा एप्रिलच्या आधीचे पंधरा दिवस स्टुडिओत बाबासाहेबांशिवाय दुसरं काम नसायचं. जुन्या फोटोवरून कॉपी करायची, मोठा करायचा, हातानं रंगवायचा. निळा कोट, लाल टाय, आणि गालांवर गुलाबी. एकदा मी विचारलं, "मामा, बाबासाहेब एवढे गुलाबी होते का?" तो म्हणाला, "नव्हते. पण लोकायले असेच लागते, माय." रमाईच्या चित्राचं तेच. कॅलेंडरवाल्यांनीही पुढं तेच केलं. ज्या माणसानं आमची मान ताठ केली, त्याला घराच्या भिंतीवर लावतानाही आम्ही आधी उजळवून घेतलं. फेअर अँड लव्हली बाजारात आली ती १९७५ मध्येच. २०२० मध्ये नावातलं फेअर काढलं, तेव्हा मला मामाचा लाल रंग आठवला. तो निदान निगेटिव्हपुरता होता.

सरकारनं बायकांचे फोटो एकदम, रांगा लावून काढले ते मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांच्या वेळी. १९९३ पासून मतदार ओळखपत्रांचं काम सुरू झालं आणि शिक्षक म्हणून आम्ही त्यात जुंपले गेलो. शाळेच्या भिंतीला पांढरा कपडा, पुढे बाक, एकामागून एक बाया. कित्येकींचा तो आयुष्यातला पहिला फोटो. तांड्यावरच्या म्हाताऱ्या टुकरी, म्हणजे ओढणी, मागे घ्यायला तयार नव्हत्या. घेतली तर घुगरी-टोपलीच्या दागिन्यांसकट पूर्ण चेहरा यावा म्हणून हट्ट. फोटोवाल्याला दिवसाला शेकडो चेहरे उरकायचे होते. त्यानं सकाळी पांढऱ्या कपड्यावर उजेड मोजला आणि दिवसभर तोच ठेवला. कार्डं आली तेव्हा सगळ्या बायांचे चेहरे काळे डाग. देशभर त्या कार्डांची थट्टा झाली, गोऱ्याघाऱ्यांचंही वाटोळं झालं होतं, पण थट्टेत एक फरक राहायचाच. गोऱ्या बाईचा फोटो बिघडला म्हणायचे. सावळ्या बाईला म्हणायचे, तशीच तर आहेस. एका पायरीचं काम होतं. मी फोटोवाल्याला सांगितलं, मीटर चेहऱ्यावर धर. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू खडूनं भाकरी थापायला सांगितली.

मुलींना कॅमेरा देऊन बघूया, हा विचार जगात वेगवेगळ्या ठिकाणी साधारण एकाच काळात पिकला. वेंडी इवाल्ड ही अमेरिकन बाई १९८९ च्या सुमाराला गुजरातेतल्या विच्या या गावात येऊन राहिली आणि तिथल्या मुलामुलींना फोटो काढायला शिकवलं. त्यावरचं तिचं पुस्तक १९९६ मध्ये आलं. १९९२ मध्ये चीनच्या युनान प्रांतात कॅरोलाइन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी खेड्यातल्या शेतकरी बायांना कॅमेरे दिले. बायांनी आपला दिवस टिपायचा आणि मग गोल बसून एकेका फोटोबद्दल बोलायचं. या पद्धतीला पुढं फोटोव्हॉइस नाव पडलं आणि ती आरोग्याच्या कामात जगभर गेली. शिकागो, न्यूयॉर्कच्या वस्त्यांतल्या काळ्या मुलींपर्यंतही पोचली. पेन्सिल्व्हेनियातल्या ब्रॅडॉक या पोलाद कारखान्याच्या गावात तर कुणी न सांगता लाटोया रूबी फ्रेझियर या मुलीनं सोळाव्या वर्षी आजी, आई आणि स्वतः असे फोटो काढायला घेतले आणि पुढची कित्येक वर्षं काढत राहिली. २०१४ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. पोलादाचा धंदा ढासळल्यावर गाव कसं आजारी पडतं, याचा त्यापेक्षा चांगला पुरावा मी पाहिलेला नाही.

आमच्याकडचं नाव सुधारक ओलवे. जन्म अकोल्याचा, १९६६ चा. म्हणजे वाशीम जेव्हा अकोल्यातच होतं तेव्हाचा. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवरचं त्यांचं काम लोकांना माहीत आहे, २०१६ मध्ये पद्मश्रीही मिळाली. मला त्यांच्या फोटोंइतकंच महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी काढलेलं फोटोग्राफी प्रमोशन ट्रस्ट. ज्यांच्या घरात कॅमेरा येण्याची शक्यता नाही अशा पोरापोरींना त्यातून फोटो काढायला शिकवलं गेलं. सफाई कामगाराचा चेहरा ओलव्यांच्या फोटोत काळा आहे आणि पूर्ण दिसतो. घामासकट, सुरकुत्यांसकट. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी फोटो म्हणून नाही, उजेड म्हणून बघितला. मीटर चेहऱ्यावर धरलेलं होतं.

मामा गेला, स्टुडिओ विकला गेला. तिथं आता मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. काचेच्या जुन्या निगेटिव्ह त्यानं हयातीतच धुऊन फ्रेमवाल्याला विकल्या होत्या, सगळेच विकत. फिल्मचे डबे तेवढे माझ्याकडे आले. पाकिटावर गाव, वडलांचं नाव आणि कोपऱ्यात मामाची खूण, किती पायऱ्या उजळ. ज्यांचा पत्ता लागला त्या बाया आता नातवंडांच्या झाल्या आहेत. निगेटिव्हवरची पेन्सिल टर्पेंटाइनच्या बोळ्यानं निघते, लाल रंग पाण्यानं सुटतो. खालचा चेहरा जसाच्या तसा असतो. फोनवर त्यांचा फोटो दाखवून हे मी त्यांना सांगते आणि विचारते, पुसू का? काहीजणी म्हणतात, पूस, मले पाहू दे मी कशी होती. काहींचा मात्र ठाम नकार. वाशीमजवळच्या मालेगावच्या एकीनं फोन हातात गच्च धरून सांगितलं, "हात लावू नको व बाई त्याले. त्या फोटूवर चाळीस वर्स संसार झाला." मी तिची निगेटिव्ह तशीच पाकिटात घालून तिला देऊन आले.

निवृत्तीनंतर वाशीममध्ये मुलींच्या एका वसतिगृहात मी अधूनमधून जाते. आठवी ते दहावीच्या मुली. काहींचे आईबाप दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, काहींचे पुण्याला बांधकामावर. फोटो मोबाइलवर शिकवते. बोटानं चेहऱ्यावर टिचकी मारायची, शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते वर-खाली सरकवायचं. मामाचं सगळं शास्त्र त्या एका चिन्हात बसलं आहे. पण त्याच फोनमध्ये चेहरा सुंदर करणारी खटकीही असते, आणि बऱ्याच फोनमध्ये ती न विचारता चालू असते. कातडी गुळगुळीत, रंग दोन पायऱ्या वर, नाक बारीक. पेन्सिल, लाल रंग आणि पुठ्ठा, सगळं कारखान्यातूनच भरून आलेलं.

त्यावर वाद झाला तो एका आजीमुळे. तीजेला घरी गेलेल्या एका मुलीनं तांड्यावर खूप फोटो काढले. टोपल्यांत उगवलेले गव्हाचे कोंब डोक्यावर घेऊन निघालेल्या पोरी, नायकाच्या दारातला नाच, आणि फेटिया-कांचळी घातलेली आपली आजी. आजीनं फोन डोळ्यांजवळ नेला आणि चिडून विचारलं, माझं गोंदण कुठं गेलं? गालावरचा आणि हनुवटीवरचा ठिपका फोननं डाग समजून पुसून टाकला होता. तिच्या आईनं गोंदवून घेतलेला, मेल्यावर बरोबर येणारा एवढाच दागिना, आणि तो यंत्रानं काढून घेतला. मुलीनं खटकी बंद करून पुन्हा फोटो काढला. वसतिगृहात परत आल्यावर ती म्हणाली, ही खटकी कुणीच वापरायची नाही. दुसरी म्हणाली, मला पिंपल आले आहेत, मी वापरणार, चेहरा माझा आहे. दोघींचंही बरोबर होतं, आणि मी मधे पडले नाही. शेवटी त्यांनीच ठरवलं: दुसऱ्याच्या फोटोवर त्याला विचारल्याशिवाय काही करायचं नाही, आणि फोटोखाली ज्याचा फोटो त्याचं नाव, गाव आणि त्याला सांगायचं असेल ते लिहायचं. आजीच्या फोटोखाली आजीचं पूर्ण नाव आहे, माहेरच्या तांड्याचं नाव आहे, आणि कांचळीवरचं भरतकाम तिनं स्वतः केलं आहे, आरसे मात्र मुलानं पुण्याहून आणले, असं लिहिलं आहे.

ती मुलगी आता अकरावीत आहे. सुट्टीत तांड्यावर जाते तेव्हा शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जांसाठी पोरापोरींचे पासपोर्ट फोटो काढते. शाळेच्या भिंतीला चादर, सकाळचा उजेड, मीटर चेहऱ्यावर. वीस रुपये घेते. आया आणि बाप जुनंच वाक्य घेऊन येतात, जराशी उजळ कर ना. तिनं दारावर दर लिहून ठेवला आहे: उजळ करायचे पन्नास रुपये जादा, आणि ज्याचा फोटो त्यानं स्वतः येऊन सांगायचं. आतापर्यंत एकानंच मोजले आहेत. त्याचं वैशाखात लग्न होतं, आणि तो नवरदेव होता.